स्मिथ आडनावाला कुलचिन्ह नसतं, वर्गणी थांबवा

मावशीच्या इंग्रज जावयाचं आडनाव स्मिथ. तेवढ्या निमित्ताने तो फिरता मेसेज नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला, आणि आता त्याला सोनेरी चौकटीतलं ‘स्मिथ घराण्याचं कुलचिन्ह’ भेट द्यायचं म्हणून वर्गणी निघाली आहे. मेसेज काय म्हणतो? स्मिथ हे मूळचे योद्धे, नाव ‘स्माइट’ म्हणजे प्रहार करणे यावरून पडलं. शब्द मुळात आपलाच, संस्कृत ‘स्मित’. सगळे स्मिथ एका रक्ताचे आणि संख्येने जगात पहिले. ‘स्माइथ’ लिहिणारे त्यातले खानदानी. आणि या कुळाला राजाने चिन्ह बहाल केलेलं आहे.

पैसे जाणार आहेत ते चिन्हावर, म्हणून तिथूनच सुरुवात करू. इंग्लंड-वेल्समध्ये अशी चिन्हं देण्याचं काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स करतं. तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये त्याला सनद दिली, आणि ते आजही चालू आहे. त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगून ठेवलंय की आडनावाचं चिन्ह असा प्रकारच नसतो. चिन्ह मिळतं ते एका माणसाला. त्याने अर्ल मार्शलकडे रीतसर अर्ज करायचा. हे पद नॉरफोकच्या ड्यूककडे वंशपरंपरेने आहे. त्याची परवानगी आली की ‘किंग्ज ऑफ आर्म्स’ म्हणवणारे अधिकारी आधीच्या कुठल्याही चिन्हाशी गल्लत होणार नाही अशी नवी आकृती ठरवतात, आणि ती चर्मपत्रावर रंगवून, मोहरा लावून दिली जाते. पुढे ती त्या माणसाच्या औरस वंशजांकडे पुरुषवंशाने जाते. चुलत्याला नाही, शेजारच्या गावच्या स्मिथला तर नाहीच.

मग दुकानदार काय विकतो? जुन्या सूच्यांमध्ये स्मिथ नावाखाली ढिगाने वेगवेगळी चिन्हं आहेत, कारण ती वेगवेगळ्या माणसांना मिळाली. त्यातलं दिसायला बरं असलेलं एक उचलायचं, खाली फीत काढून ‘स्मिथ’ लिहायचं, झालं. म्हणजे जावयाच्या भिंतीवर दुसऱ्याच कुणा स्मिथचं चिन्ह टांगलं जाणार. वर त्याला ‘क्रेस्ट’ म्हणायचं, तेही चूक. ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, आणि त्या शिरस्त्राणावर बसवलेली आकृती, तेवढीच क्रेस्ट. स्कॉटलंडमध्ये याच कामासाठी लॉर्ड लायनचं न्यायालय आहे, आणि तिथे दुसऱ्याचं चिन्ह स्वतःचं म्हणून मिरवणं हा गुन्हा ठरतो.

काही स्मिथांकडे खरी चिन्हं आहेत, हे कबूल. पण मग दुकानदाराला एकच विचारा: हे कोणत्या स्मिथला, कोणत्या साली मिळालं, आणि आमचा जावई त्याचा कितवा वंशज?

आता ते योद्धे. जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातूचं काम करणारा कारागीर. जर्मन ‘श्मिट’, डच ‘स्मिट’ ही त्याचीच भावंडं. चौथ्या शतकातल्या गॉथिक (इंग्रजी-जर्मनची एक जुनी नातलग भाषा) बायबलमध्ये ‘आइझास्मिथा’ असा शब्द येतो, त्याचा अर्थ सरळ तांबट. ‘स्माइट’चा जुना अर्थ तर माखणे, फासणे, मारण्याचा अर्थ नंतर चिकटला. शिवाय वर्ण जुळत नाहीत. संस्कृत आणि इंग्रजी एकाच मूळ भाषेतून आलेल्या, त्यात संस्कृत ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘थ’ येतो (त्रि, थ्री) आणि ‘द’च्या जागी ‘ट’ (द्वि, टू, दश, टेन). तेव्हा ‘ट’ने संपणारा स्माइट आणि ‘थ’ने संपणारा स्मिथ एकाच मूळ क्रियापदातून काढायचे तर हा नियमच मोडावा लागेल. तलवारी घडवणारेही स्मिथच होते, तेवढं रणांगण त्यांच्या वाट्याला द्यायला हरकत नाही.

याच नियमाने ‘स्मित’ आणि ‘स्मिथ’ कानाला जुळतात, हेही खरं. पण ‘स्मि’ धातू हसण्याचा आहे आणि इंग्रजीत त्याचं खरं नातं ‘स्माइल’शी लागतं. लोहाराच्या भट्टीपाशी कोण कशाला हसत बसेल!

एकच रक्त? मग आपल्याकडचे सगळे कुलकर्णीही एकाच आजोबांचे. गावोगाव नांगराचा फाळ, विळे, नाल करणारा लागायचाच, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास आडनावं वंशपरंपरेने टिकू लागली तेव्हा जागोजागी वेगळा स्मिथ तयार झाला. अमेरिकेत तर कित्येक श्मिटही स्मिथ झाले. तिथल्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ होते, त्यातले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. जगात पहिला नंबर म्हणाल तर चीनमधले ‘वांग’ नऊ कोटींच्या वर आहेत. विषय संपला.

‘स्माइथ’ खानदानी? ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ घ्या. १६०० च्या सनदेत त्याचंच नाव ‘स्मिथ’ असं लिहिलंय, आणि त्याचे आजोबा विल्टशरमधले कापडवाले. ‘वाय’ की ‘आय’ हे त्या काळी लिहिणाऱ्याच्या लहरीवर असे.

जावयाला खरंच काही द्यायचं तर त्याच वर्गणीतून त्याच्या घराण्याचे दाखले काढा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूंची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. लग्नाच्या दाखल्यावर वराच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तिथून मागच्या लग्नाकडे, असं एकेक पिढी मागे जायचं. जन्माची नोंद शोधताना नुसतं ‘जॉन स्मिथ’ टाकलं तर बुडालात. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, ते टाकून चाळा. १८४१ च्या जनगणनेतलं वय जसंच्या तसं धरू नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा खालच्या पाचाच्या पटीत उतरवलंय, म्हणजे ३४ चा माणूस ३० चा दिसतो. जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि कुटुंबप्रमुखाशी नातं १८५१ पासून मिळतं. १८३७ च्या मागे चर्चची नोंदवही, ती १५३८ पासून पुढे, पण प्रत्येक गावाची टिकलेली नाही. आणि त्याहून जुन्या लॅटिन कागदांत स्मिथ सापडला नाही तर ‘फाबेर’ शोधा. लोहाराला लॅटिनमध्ये तेच म्हणत.