नाईट किती होती, ते सांगा

फेब्रुवारी उजाडला की नट-दिग्दर्शक भगवानदादांवरची पोस्ट फिरायला लागते. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले, म्हणून. मजकूर ठरलेला असतो: सात दिवसांच्या सात गाड्या, जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, मग पैसा उडाला आणि शेवटी दादरच्या चाळीतली खोली. खाली रडक्या इमोजींची रांग आणि दर चौथी कमेंट ‘नियतीचा खेळ’.

मला या पोस्टचा आता मनापासून कंटाळा आलाय. त्यातलं सगळं खोटं असतं असं नाही. पण मिलमध्ये काम करणारा पोरगा मूकपटात शिरतो, अडतीस-एकोणचाळीसपासून कमी पैशांतले स्टंटपट काढत राहतो, मध्येच १९४१ साली एक तमिळ सिनेमासुद्धा दिग्दर्शित करून येतो आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ स्वतः निर्माण करतो, दिग्दर्शित करतो, त्यात नाचतो. शरीरानं हिरोसारखा अजिबात नसलेला हा माणूस कमरेच्या एका लहानशा हेलकाव्यावर पुढच्या तीन पिढ्यांच्या नाचाचं व्याकरण ठरवून गेला. हे सगळं दोन ओळींत उरकायचं आणि चाळीतल्या खोलीवर चार परिच्छेद! आपण नटांची चरित्रं शेवटच्या पानापासून उलटी वाचतो, आणि शेवटचं पान रडवणारं असलं की बाकीचं पुस्तक वाचलंच असं समजतो.

बरं, शेवटच्या पानाबद्दलच बोलायचं तर नीट बोला. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ गेली सत्तरेक वर्षं वाजतंय. वरातीत, गणपतीत, गॅदरिंगमध्ये, रिॲलिटी शोच्या रेट्रो राउंडला. पडद्यावर ते गाणं ज्यानं उभं केलं त्याला या वाजण्यातून काय मिळणार होतं?

उत्तरासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल बघा. देव आनंदनं एका सिनेमाच्या करारात लिहून घेतलं होतं की ठरलेले पैसे पूर्ण मिळेपर्यंत माझ्या कामावरचा हक्क माझा. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं १९५७ चा कॉपीराइट कायदा पुढ्यात ठेवून सांगितलं की सिनेमातला नटाचा अभिनय ही कायद्याच्या व्याख्येत बसणारी कलाकृतीच नाही, त्यामुळे त्यावर नटाचा कॉपीराइट असण्याचा प्रश्नच येत नाही. सिनेमा निर्मात्याचा. नट म्हणजे मजुरी घेऊन गेलेला माणूस. देव आनंदसारख्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांनी तोंड कशाला उघडायचं?

पुढे १९९४ च्या दुरुस्तीत ‘परफॉर्मर’ कायद्यात आला. नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा त्या यादीत आहे. (मला ती यादी फार आवडते. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नक्की जत्रा असणार.) पण मेख अशी, की सिनेमात काम करायला एकदा संमती दिली की तो हक्क तिथल्या तिथे संपायचा. गारुड्याचं माहीत नाही, सिनेनटाच्या हातात तर पुंगीच राहिली. रॉयल्टीची भाषा कायद्यात आली ती २०१२ मध्ये. भगवानदादांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. आता सांगा, यात नियतीचा खेळ किती आणि कायद्याचा किती?

त्यांनी पैसा जपून वापरला नाही हे मलाही मान्य आहे. ते स्वतः निर्माते होते, पैसे लावले, पुढचे सिनेमे पडले, बुडाले. धंद्यात हे होतं. पण धंद्यात बुडलेल्या कापडवाल्यावर आपण दर वर्षी पुण्यतिथीला रडत नाही, आणि त्याच्या स्वभावात खोट शोधत नाही. नट बुडाला की लगेच दारू, बाई नाहीतर उधळेपणा. कारण तयारच असतं.

ललिता पवारांचंही तेच. १९४२ साली शूटिंगमध्ये भगवानदादांनीच मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि ती नेहमी ‘वाईटातून चांगलं’ या चालीवर संपते: बघा, नायिका गेली पण अजरामर खाष्ट सासू मिळाली! अहो, ती बाई तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांची होती. मूकपटापासून नायिका होती, स्टंट करत होती, ऐन विशीत स्वतः सिनेमे काढत होती. येवल्याकडून आलेल्या मुलीनं दहा-पंधरा वर्षांत उभं केलेलं सगळं एका टेकमध्ये मोडलं. औषधपाण्याचा खर्च कुणी केला? बसून काढलेल्या महिन्यांचा पगार कुणी दिला? एकाही पोस्टमध्ये याबद्दल अक्षर नसतं. त्यानंतर ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई, ‘अनाडी’तली मिसेस डिसा, म्हातारपणी टीव्हीवरची मंथरा हे सगळं त्यांनी केलं ते कामाच्या ताकदीवर. थपडेचे उपकार कसले मानता?

आता ज्या बाईसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती शांता आपटे.

तिचा ‘कुंकू’ सिनेमा १९३७ चा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ‘हे लग्न मी मानत नाही’ म्हणून घरात ठाम उभी राहते. आख्ख्या महाराष्ट्रानं तिला डोक्यावर घेतलं. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, हीच शांता आपटे पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. भांडण होतं करार आणि पगाराचं. स्टुडिओचा जमाना होता, नट महिन्याच्या पगारावर असायचे आणि कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम करणं अवघड. तिच्यासारखी चालती नटी, जिच्या नावावर तिकिटं खपायची, तीही करारानं बांधलेली. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या फाटकापाशी विद्यार्थ्यांची आंदोलनं कितीदा तरी झाली, पण तिथली पहिली संपकरी एक मराठी नटी होती हे किती जणांना ठाऊक असेल?

पडद्यावर बंड केलं तेव्हा टाळ्या, फाटकाशी केलं तेव्हा नटीचे नखरे.

पण बाई तिथे थांबली नाही. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. शीर्षकावरून वाटतं की गोड सल्ले असतील. त्यात आहे ते स्टुडिओतलं काम, त्यात पिळून निघणारा माणूस आणि या धंद्यात पैसा कुणाच्या खिशात जातो त्याची रोखठोक चर्चा. वय चोविशीचं. आपल्याकडे नटनट्यांची आत्मचरित्रं ढीगभर आहेत, त्यातली काही फार चांगली आहेत, पण कारकीर्द ऐन भरात असताना मालकाबद्दल असं छापून मोकळी झालेली नटी मला तरी दुसरी दिसत नाही. १९६४ मध्ये ती गेली. तिच्या पुण्यतिथीला पोस्ट फिरत नाही. बहुतेक तिची गोष्ट रडवत नाही म्हणून.

रडवण्यावरून विठाबाई आठवल्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली तमाशातली बाई. त्यांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना निवेदकाचा आवाज भरून येतो, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. मी स्वतः एका सभागृहात हे पाहिलंय, आणि खरं सांगतो, मला त्या टाळ्यांची लाज वाटली. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावं का लागलं, हे कुणीच विचारत नव्हतं.

तमाशाच्या फडाचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना उत्तरही माहीत आहे. जत्रेची सुपारी (प्रयोगाचं बुकिंग) आधी घेतलेली असते. फडमालकानं हंगामासाठी कर्ज काढलेलं असतं, कलाकारांनी फडमालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर नाचून-वाजवून फेडायची असते. ट्रक, तंबू, वाजंत्री, सोंगाडे, स्वयंपाकी मिळून शंभराच्या घरात माणसं एका बाईच्या नावावर जेवतात. प्रयोग थांबला तर तिकिटाचे पैसे परत आणि पब्लिक पेटलं तर तंबूही जायचा. मग ती बाळंतीण परत बोर्डावर येणार नाही तर काय करणार? कलेची निष्ठा असेलच, विठाबाईंच्या निष्ठेबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण त्या निष्ठेच्या मागे उचलीची वही उभी होती, तीही दाखवा की! त्यांच्या नावानं आज सरकारी जीवनगौरव पुरस्कार आहे. फडावरच्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मात्र अजून कुणी ऐकलेली नाही.

बालगंधर्वांबद्दलही असंच सांगतात. १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोटची मुलगी गेली आणि तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. इथेही टाळ्या. नंतर स्वतःची कंपनी झाली तेव्हा खरी अत्तरं, उंची शालू, कर्ज, हे सगळं इतक्यांनी लिहून ठेवलंय की मी त्यात भर घालत नाही. एवढंच म्हणतो, की बोलपट आला आणि सगळ्याच संगीत नाटक कंपन्या गाळात गेल्या, अत्तर न शिंपडणाऱ्यासुद्धा.

मग टिकलं कोण? जरा यादी डोळ्यांपुढे आणा, गंमत दिसेल. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते चाळिशी उलटल्यावर. डॉ. काशीनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अशोक सराफ स्टेट बँकेत, भक्ती बर्वे आकाशवाणी-दूरदर्शनवर, निळू फुले लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी. मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो ना आपण, त्याचा निम्मा खर्च बँका आणि सरकारी खात्यांनी उचललाय. रात्री प्रयोग, सकाळी मस्टरवर सही. नाईटच्या (म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाच्या) पैशांवर घर चालेल असा भरवसाच नव्हता, म्हणून नोकरी. प्रतिभा असलेले पण कायम नोकरी नसलेले किती जण दुसऱ्या अंकातच निघून गेले, त्यांची यादी कुणाकडे असणार?

घाणेकर तर दौऱ्यावरच गेले, २ मार्च १९८६, अमरावती. वय पंचावन्न. त्यांच्यावर बोलताना दारू पहिली येते. दौऱ्यांची ती जिवघेणी धावपळ, बसमधली झोप आणि रोज संध्याकाळी पुन्हा त्याच भूमिका, तोच संभाजी, तोच लाल्या, हे नंतर कधीतरी, जमलं तर. लागूंनाही ‘नटसम्राट’ तब्येतीला झेपेनासा झाला होता. फरक एवढाच, की ते डॉक्टर होते आणि थांबायचं कधी ते त्यांना कळलं.

याच लागूंनी आणि निळूभाऊंनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याला काहीतरी मानधन मिळावं म्हणून. कार्यकर्त्याला महिन्याचे पैसे लागतात हे नटांना कळलं. नटाला लागतात हे बाकीच्यांना कळायला फार वेळ लागला. वृद्ध कलावंत मानधन योजना आहे सरकारची, आणि तिच्यासाठी जिल्हा परिषदेत खेटे घालणारे जुने पेटीवाले मी पाहिलेत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तोंड खराब होईल.

उलट उदाहरणंही आहेत, ती लपवत नाही. दुर्गा खोटे तिशीच्या आत विधवा झाल्या, पदरात दोन मुलं, सासरचं वैभव आधीच गेलेलं. पण त्या कुठल्याच एका स्टुडिओच्या बांधील राहिल्या नाहीत. प्रभात, कलकत्त्याच्या कंपन्या, मुंबई, जिथे काम तिथे स्वतःच्या अटींवर. पुढे स्वतःची निर्मिती संस्था, जाहिरातपट, टीव्ही. दादा कोंडके नायगाव-लालबागच्या गिरणगावातले, पण ‘सोंगाड्या’पासून निर्माताच स्वतः. ओळीनं नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी. दोघांच्या अभिनयाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. त्यांना हिशोब कळत होता याबद्दल लिहायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. कलावंतानं पैशाचं बोललं की तो आपल्या नजरेतून थोडा उतरतोच. खरं सांगा, उतरतो ना?

तर माझी विनंती साधी आहे. यापुढे कुठल्या नटावर, नटीवर, फडावरच्या बाईवर लिहाल तेव्हा नाईट किती होती, करार कुणाच्या बाजूचा होता, प्रवासात पडलो-झडलो तर खर्च कुणाचा होता, हे शोधा. सापडलं नाही तर निदान नियतीवर ढकलू नका. आणि तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी कंपनीत काम केलं असेल, आजी फडावर असेल, काका नाटकांचे कॉन्ट्रॅक्टर असतील, तर घरातल्या जुन्या ट्रंकेत प्रयोगांच्या वह्या, उचलीच्या चिठ्ठ्या, करारनामे असतात. रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, मला मेसेज करा, नाहीतर जवळच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागात नेऊन द्या. अक्षर लागत नसेल तर मोडी वाचणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.