‘हेवी ड्यूटी’ म्हणजे नेमके किती?

टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळणाऱ्या ट्रकच्या पुढच्या चाकांना मूळच्यापेक्षा मजबूत हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरते ते बेअरिंग) बसवावे, एवढीच इच्छा असलेल्या माणसाच्या पदरी बाजारात जो मनस्ताप पडतो, त्याला तोड नाही. प्रत्येक खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ असे ठळक छापलेले असते. पण कशाच्या तुलनेत, किती किलोन्यूटन भारासाठी आणि आत छर्रे आहेत की टेपर (निमुळते) रोलर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर खोक्यावर नसते, माहितीपत्रकात नसते आणि विक्रेत्याकडे तर नसतेच. ‘माल एकदम दणकट आहे, डोळे झाकून न्या’ हे त्याचे तांत्रिक स्पष्टीकरण!

जुन्या रचनेत स्पिंडलवर (चाक पेलणाऱ्या स्थिर दांड्यावर) आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान, अशी दोन टेपर रोलर बेअरिंग असत. त्यांच्या कड्यांवर क्रमांक कोरलेला असे आणि त्यावरून कोष्टकात भारक्षमता पाहता येई. ग्रीस बदलता येई, सील बदलता येई, चाक फिरवत नट आवळून, मग किंचित सैल करून स्प्लिट पिन घालता येई. हे सारे वेळखाऊ होते खरे, पण आपण काय बसवतो आहोत हे निदान कळत तरी होते. आता मिळतो तो ‘नकल’वर (चाकामागच्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागावर) तीन-चार बोल्टांनी बसणारा सीलबंद गोळा, ज्याच्या पोटातच बहुधा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सरही असतो. तो उघडून पाहता येत नाही आणि घरघर सुरू झाली की अख्खाच फेकावा लागतो.

आणि दडवलेला भारक्षमतेचा हा आकडा काही किरकोळ नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांशावर येते. उलट भारक्षमता २५ टक्क्यांनी वाढली, तर त्याच भाराखाली आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. रोलर बेअरिंगमध्ये हा घातांक याहूनही थोडा मोठा असतो. ज्या एका संख्येवर सगळी निवड अवलंबून आहे, तीच सांगायची नाही आणि वर मजबुतीचे जादा पैसे मागायचे, याला व्यापार म्हणावे की लबाडी?

त्यात फुकटचे सल्ले. ‘फोर-व्हील ड्राइव्हचे हब लावा, बोल्ट जुळतात’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला हे ठाऊक नसते की त्यातल्या अनेक हबांमध्ये बेअरिंगच्या दोन्ही बाजू दाबून धरण्याचे काम एक्सलचा नट करतो, आणि पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारा एक्सलच नसलेल्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीत ते हब तसेच चालवले, तर चाक निखळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. रुंद, बाहेर आलेली चाके विकणाराही, त्यामुळे भाराची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर सरकते आणि बेअरिंगवर वाकवणारा ताण वाढतो, हे चुकूनही सांगत नाही.

शेवटी वॉरंटीचे गाजर असतेच. तिच्यात मिळते काय, तर ज्या बेअरिंगने दगा दिला त्याच नमुन्याचे दुसरे. ते काढण्या-बसवण्याची मजुरी मात्र दर वेळी गाडीमालकाच्याच खिशातून जाते.