डोळ्याखालचं हाड मोडलं की लगेच ऑपरेशन? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे, पण मुद्दा असा आहे की दोन ओळीत उरकता येणार नाही. तुमचं म्हणणं, सीटी स्कॅनमध्ये हाड मोडलेलं स्पष्ट दिसत असताना सूज उतरायची वाट बघणं ही निव्वळ चालढकल आणि मी लेखात तिचीच भलामण केली, तुमच्या भाच्याला तर दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला घेतलं.

भाच्याला लगेच घेतलं ते अगदी बरोबरच केलं. पण तुम्हीच लिहिलंय की तो दहा वर्षांचा आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. लहान मुलांचं हाड लवचिक असतं, मार बसला की डोळ्याच्या खोबणीचा तळ, म्हणजे हेच डोळ्याखालचं हाड, झडपेसारखा उघडतो आणि परत मिटतो, त्यात डोळा फिरवणारा खालचा स्नायू अडकतो. बाहेरून बघाल तर डोळा पांढरा स्वच्छ, सूज फारशी नाही, पण वर बघ म्हटलं की पोराला मळमळतं, उलटी होते, नाडी मंदावते, आणि मग सगळे डोक्याला मार लागलाय म्हणून तिकडेच शोधत बसतात. अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो म्हणून तो 24 ते 48 तासांत सोडवायचा. यात वाट बघायचा प्रश्नच नाही.

मोठ्या माणसात बहुतेकदा स्नायू अडकत नाही, तळाचे तुकडे होतात आणि डोळ्यामागची चरबी खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीत, उतरते. सुरुवातीला एकाचे दोन दिसतात ते बऱ्याचदा सुजेमुळे, आपोआप कमी होतं. शिवाय सूज असेपर्यंत डोळा किती आत गेलाय हे कळतच नाही, उलट कधीकधी पुढे आलेला वाटतो! म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या आत ठरवतात, दोन दिसणं राहिलंय का, डोळा 2 मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेलाय का, निम्म्याहून जास्त तळ गेलाय का. यातलं काहीच नसेल तर ऑपरेशन करून तळाला आधार म्हणून टायटॅनियमची जाळी बसवायची कशाला? त्या ऑपरेशननंतरही खालची पापणी ओढली जाऊ शकते, दोन दिसणं वाढूसुद्धा शकतं.

भाच्याला वर बघताना अजून दोन दिसतात म्हणालात, तर चिरडलेला स्नायू सावरायला काही महिने लागू शकतात, एवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं म्हणू नका, पण तपासण्या चुकवू नका.

आणि वाट बघताना नजर अचानक कमी झाली किंवा डोळा दुखून पुढे यायला लागला तर मात्र त्याच क्षणी इमर्जन्सीला जायचं, आत रक्त साठत असेल तर दृष्टी जाऊ शकते. नाक शिंकरायचं नाही, सायनसमधली हवा खोबणीत शिरते.