हाउसबोटीवरील आक्षेपाला उत्तर

केरळमधील अलेप्पी आणि त्यालगतच्या कुट्टनाड या पाणथळ भागावरील लेखात मी हाउसबोटीऐवजी सरकारी बोटीने फिरा असे सुचवले होते. त्या लेखाला परवा इंदूरच्याच एका वाचकाची प्रतिक्रिया आली. "ताई, तुम्हाला हाउसबोट परवडली नाही, म्हणून तुम्ही तिला नावे ठेवता," हे तिचे पहिले वाक्य. पुढे तीन आक्षेप आहेत : वृद्ध आईवडिलांना घेऊन सरकारी बोटीने फिरता येत नाही, हाउसबोटींवर तिथल्या कित्येक कुटुंबांचे पोट चालते, आणि अलेप्पीजवळच्या अंबलपुळाच्या मंदिराविषयी मी दिलेली माहिती अपुरी आहे.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. अंबलपुळाच्या श्रीकृष्ण मंदिरात पुरुषांना सदरा उतरवून आत जावे लागते. तिथल्या पालपायसमविषयी, म्हणजे दुधाच्या खिरीच्या प्रसादाविषयी, मी इतके लिहिले, तेव्हा ही एक ओळ त्यात सहज बसली असती. ती आता घातली आहे.

परंतु ते पहिले वाक्य मला सोडून देता येत नाही. 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि त्याच दमात समोरच्या माणसाचा खिसा चाचपायचा, ही कुठली रीत? माझे मत चुकीचे वाटले असेल, तर ते का चुकीचे आहे हे सांगावे. मी ते कोणत्या ऐपतीतून मांडले याचा तर्क लढवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्यातही आपण स्वतःचे नाव लिहिलेले नाही. मी मात्र माझ्या नावानिशी लिहिते.

आता ऐपतीविषयी विचारलेच आहे, तर ऐका. माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत कारकून होते. प्रवास म्हणजे दुसऱ्या वर्गाचा डबा, धर्मशाळेची खोली आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या, हे मी लहानपणापासून पाहिले आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पुढे मी शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतःच्या पगारातून केरळला गेले, पुन्हा पुन्हा गेले. हाउसबोटीवरची रात्रही मी काढली आहे, सगळ्या कुटुंबासह आणि पूर्ण पैसे मोजून. तेव्हा परवडण्याची भाषा माझ्याशी करू नये.

त्या रात्रीचे जे पाहिले, तेच लेखात लिहिले. संध्याकाळी कोळ्यांची जाळी पडतात, म्हणून साडेपाचच्या सुमारास हाउसबोटी थांबवाव्या लागतात, आणि तो नियम योग्यच आहे. आमची बोट इतर बोटींच्या रांगेत काठाला बांधली गेली. खोलीत वातानुकूलन यंत्र चालू होते, म्हणून खिडक्या बंद होत्या. जनरेटरची घरघर पहाटेपर्यंत थांबली नाही. सकाळी दार उघडून बाहेर आले, तर आमच्या स्वयंपाकघराच्या नळीतून खरकटे पाणी कालव्यात पडत होते आणि चार हातांवर घराच्या पायरीवर बसून एक बाई त्याच पाण्यात पातेली विसळत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलेही नाही. ते दृश्य पाहिल्यावर हाउसबोटीची शिफारस करणे मला शक्य नव्हते.

यामागे भूगोलही आहे. कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीहून खाली भातशेती होते. बांधापलीकडचे शेत कालव्याच्या पाण्यापेक्षा खोल असते आणि 'पेट्टी-परा' नावाच्या पंपाने त्यातले पाणी बाहेर उपसावे लागते. या शेतीला २०१३ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला, तर त्याला लागून असलेले वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून या सरोवरावरील तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारे साधारणपणे डिसेंबरात लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडतात. तेवढे महिने बंधाऱ्याच्या दक्षिणेकडच्या भागात भरती-ओहोटीची ये-जा जवळपास थांबते, पाणी साचते आणि जलपर्णी माजते. आपल्याकडची मंडळी नाताळच्या सुट्टीत जातात, ती नेमकी याच दिवसांत. म्हणजे पाणी वाहत नाही तेव्हाच त्यावर सर्वांत जास्त बोटी असतात. ज्यावरून आजची हाउसबोट आली, ते मूळचे केट्टुवळ्ळम हे आंजिलीच्या झाडाच्या फळ्या काथ्याने शिवून, एकही खिळा न ठोकता बांधलेले धान्य वाहणारे गलबत. ते मला आजही सुंदर वाटते. त्यावर बांधलेल्या वातानुकूलित खोल्यांचे ओझे त्या पाण्याला पेलत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वृद्धांचे म्हणाल, तर माझ्या सासूबाई गुडघे धरून चालत असतानाही अलेप्पीहून कोट्टायमच्या सरकारी बोटीत बसल्या होत्या. धक्क्याला बोट लागताच कामगाराने दोराचा वेढा खुंटाला घातला, बोट पायरीला घट्ट ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांना आत घेतले. पुढचे सुमारे अडीच तास सासूबाई शाळेच्या मुली, भाजीच्या टोपल्या आणि बदकांचे थवे बघत बसल्या होत्या. राज्य जलवाहतूक विभागाच्या याच बोटी तिथल्या माणसांच्या बस आहेत. ऑगस्ट २०१८ च्या पुरात कुट्टनाडच्या लोकांना बाहेर काढण्यासाठीही त्या धावल्या. अशा बोटीत बसणे आपल्याला कमीपणाचे वाटत असेल, तर तो प्रश्न आपला आहे, माझ्या लेखाचा नाही.

राहिला पोटापाण्याचा मुद्दा. मी कोणाचा धंदा बंद करा असे कुठेही लिहिलेले नाही. लेख नीट वाचला असता, तर हे विचारावे लागले नसते.

इंदूरहून अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा केरळला जाते. आपल्याला जायचे असेल, तर फेब्रुवारीचा विचार करण्यापेक्षा पावसाळा सरता सरता जा. तेव्हा बंधाऱ्याची दारे उघडी असतात. बोटीचे वेळापत्रक धक्क्यावरच विचारून घ्या. आणि पुन्हा लिहायचे असेल, तर नाव घालून लिहा, मी उत्तर देईन. हाउसबोटीवरचा परिच्छेद मात्र जसा आहे तसाच राहील.