अंडे नाही म्हणून केळ्याचा ब्रेड बिघडत नाही

केळ्याच्या व्हीगन ब्रेडविषयीचा एक मजकूर सध्या बराच पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अंडी आणि लोणी वगळले की हा ब्रेड फुगत नाही आणि मधोमध कच्चट राहतो, ही उणीव भरून काढण्यासाठी खाण्याचा सोडा दुप्पट घालावा, मिश्रण दहा मिनिटे बीटरने फेटावे आणि मधला भाग शिजत नसेल तर आच वाढवावी, असा ब्रेड गूळ आणि कणकेचा असल्यामुळे मधुमेहींनाही चालतो, आणि थंड झाल्यावर तो वातड होत असल्यामुळे गरम असतानाच कापावा. यातला मूळ समज चुकीचा आहेच, पण त्यावर सुचवलेले उपाय त्याहून घातक आहेत, कारण ज्या दोषाचे खापर अंड्याच्या अभावावर फोडले आहे, तो दोष बऱ्याचदा या उपायांमुळेच निर्माण होतो.

पहिला मुद्दा फुगण्याचा. स्पंज केकबद्दल असे कोणी म्हटले असते तर ते मान्य करता आले असते, कारण तिथे फेटलेल्या अंड्यात कोंडलेली हवाच केक वर उचलते. केळ्याचा ब्रेड मात्र क्विक ब्रेडच्या, म्हणजे यीस्टविना झटपट होणाऱ्या ब्रेडच्या, कुळातला आहे. सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर तो फुगतो, आणि त्या क्रियेत अंड्याचा काहीच संबंध नसतो. बेकिंग पावडरचा इतिहासही इथे आठवण्याजोगा आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे; तिच्यासाठी त्यांनी आधी अंड्याविना कस्टर्ड केले आणि १८४३ मध्ये यीस्टऐवजी वापरता येईल अशी बेकिंग पावडर तयार केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अंडी, दूध आणि लोणी यांना फाटा देऊन बेदाण्यांचा ‘वॉर केक’ घरोघरी होत असे. आपल्याकडे बेसनाच्या खमण ढोकळ्याला सोडा आणि लिंबाने जाळी पडते, तेव्हा त्यात अंडे नाही याची आठवणही कोणाला होत नाही.

आता मधला भाग कच्चट राहण्याविषयी. अंडे तापल्यावर घट्ट होते आणि पदार्थाला आधार देते, हे खरेच आहे. त्यामुळे अंड्याविना केलेल्या ब्रेडचा काप किंचित ठिसूळ असतो, हेही कबूल करायला हवे. परंतु क्विक ब्रेडचा मुख्य सांगाडा पिठातला स्टार्च शिजून घट्ट होण्याने उभा राहतो. कोकणातले फणसाचे सांदण तांदळाच्या रव्यावर, फणसाच्या रसावर आणि नारळाच्या दुधावर उभे असते आणि त्याच्या वड्या व्यवस्थित पडतात, त्या याच कारणाने. ब्रेड आत गिच्च होतो तो जास्त पाण्यामुळे, आणि ते पाणी येते कोठून हे पाहिले की गुंता सुटतो. ‘एका अंड्याऐवजी अर्धे केळे’ हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशोब इतर केकमध्ये कसाबसा चालत असेल, पण जिथे मुळातच तीन केळी आहेत तिथे आणखी एक केळे कुस्करून घातल्याने घट्ट होणारे प्रथिन जवळजवळ मिळत नाही. वाढतो तो ओलावा आणि साखर. केळ्याच्या गरात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि प्रथिन जेमतेम एक टक्का.

त्यातच केळी नगावर मोजण्याची आपली सवय. परदेशी कृतीतले ‘तीन केळी’ हे माप कॅव्हेंडिश गटातल्या मोठ्या, लांबट केळ्यांचे असते. जळगावकडून येणारे ग्रँड नैन त्याच गटातले असल्यामुळे ते त्या मापाला बरेचसे जुळते, पण छोट्या वेलची केळ्याने ते गणित पार कोलमडते. म्हणून सोललेल्या केळ्याचा गर वजनानेच घ्यावा. २५० ग्रॅम पिठाला ३५० ग्रॅम गर, १२० ग्रॅम साखर किंवा गूळ, ८० मिलिलिटर तेल, ६० मिलिलिटर पाणी किंवा सोयाबीनचे दूध, चिमूटभर मीठ, दोन टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा आणि एक टेबलस्पून व्हिनेगर, हे प्रमाण सांभाळले तर एकूण ओलावा दोन अंडी घातलेल्या ब्रेडइतकाच राहतो. हे माप मैद्याचे आहे; सगळी कणीक वापरायची असेल तर ती जास्त पाणी पिते, म्हणून दोन टेबलस्पून पाणी वाढवावे. गोठवलेली केळी वापरताना सुटलेले पाणी फेकू नये, पण ते वजनात धरावे.

सोडा दुप्पट करण्याचा सल्ला तर थेट पदार्थ बिघडवणारा आहे. एक टेबलस्पून साध्या, म्हणजे पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरने साधारण एक ग्रॅम सोडा पुरता वापरला जातो, आणि पाव टीस्पून सोडा जवळजवळ तेवढाच भरतो. केळे आणि गूळ यांचे आम्ल सौम्य असल्यामुळे त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. उरलेला सोडा उष्णतेने सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो. मग ब्रेड गडद लालसर तपकिरी दिसतो आणि खाल्ल्यावर जिभेवर साबणाची चव रेंगाळते. त्याशिवाय गरजेपेक्षा जास्त वायू झाल्याने ब्रेड ओव्हनमध्ये भराभर वर येतो आणि सांगाडा पक्का होण्याआधीच मधोमध खचतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की अंडे असते तर तो खचला नसता.

फेटण्याबद्दल थोडक्यात. ज्या मिश्रणात फेटलेली हवा धरून ठेवणारे लोणी किंवा अंडे नाही, त्यात दहा मिनिटे बीटर फिरवून गव्हाचे ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, तेवढे ताणले जाते. कापल्यावर आत उभे लांबट बोगदे आणि चिवट पोत दिसला की हेच घडले असे समजावे. कोरडे आणि ओले जिन्नस वेगवेगळे तयार ठेवून, ओव्हन तापल्यानंतरच ते एकत्र करावेत, आणि कोरड्या पिठाचा शेवटचा पट्टा दिसेनासा झाला की चमचा थांबवावा. लहान गुठळ्या राहिल्या तरी हरकत नाही.

आच वाढवली तर वरची साल आधी करपते आणि आतला गोळा तसाच राहतो. घरच्या छोट्या ओटीजीत वरची कांडी ब्रेडच्या अगदी जवळ असल्यामुळे हे आणखी लवकर होते. १७५ अंश सेल्सियसवर साधारण तासभर भाजावे, वरून रंग येऊ लागला की फॉइलने सैल झाकावे, आणि शंका असेल तर वरची भेग पाहावी: तिच्या तळाशी ओली चमक दिसत असेल तर ब्रेड अजून आत ठेवायचा आहे. ब्रेडमध्ये खुपसलेल्या टूथपिकला केळ्याचा तंतू चिकटला तर घाबरू नये. पातळ पीठ चिकटले तर मात्र आणखी भाजावे.

मधुमेहींना चालतो हे विधान सर्वात बेजबाबदार आहे. गूळ हा मुख्यतः सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखरच आहे, पिकलेल्या केळ्यातल्या स्टार्चची बहुतांशी साखर झालेली असते, आणि कणीक झाली तरी तिच्यात स्टार्च असतोच. पदार्थ प्राणिजन्य नाही एवढ्यानेच रक्तातली साखर वाढायची थांबत नाही.

राहिला गरम कापण्याचा आग्रह. ओव्हनमधून काढलेल्या ब्रेडमधला स्टार्च थंड होताना घट्ट होत जातो, त्यामुळे गरम ब्रेडवर सुरी चालवली की तिला लगदा चिकटतो आणि नीट शिजलेला ब्रेडही कच्चा भासतो. दहा मिनिटांनी भांड्यातून काढून तो जाळीवर किमान तासभर ठेवावा. थंड झाल्यावर वातड होण्याची भीती तर उलट्या बाजूने मांडलेली आहे: लोणी गारठ्यात घट्ट होते, तेल पातळच राहते, म्हणून फ्रीजमधून काढलेला तेलाचा काप लोण्याच्या कापापेक्षा मऊ लागतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र तो डब्यात बाहेर दोन दिवसांहून अधिक ठेवू नये. उरलेल्या ब्रेडचे काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे तव्यावर गरम करावेत.