ग्रेचं पुस्तक, कार्टरची चित्रं

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा यायच्या आत वाद पेटला. निमित्त नितीनच्या पोरीचं. ती यंदा एमबीबीएसला लागली, म्हणून नितीननं ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ मागवलं, हेन्री ग्रेचं शरीररचनेवरचं जुनं, गाजलेलं पुस्तक.

“त्यातली मूळ चित्रं ग्रेची नव्हेत,” मुळे सर म्हणाले. “हेन्री व्हॅन्डाइक कार्टरची. बाप चित्रकार, पोरगा सर्जन. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात दोघांनी मिळून मुडदे फाडले, मजकूर ग्रेनं लिहिला. १८५८ ला पुस्तक निघालं. ग्रेला दर हजार प्रतींमागं दीडशे पौंड आणि कार्टरला एकदाच दीडशे. वर प्रूफ आलं तेव्हा ग्रेनं खूण केली, कार्टरचं नाव लहान टाइपात घ्या!”

“ढापलं की सरळ!” सुन्या उसळला.

“ढापलं कसं?” नितीनचं डोकं हिशेबी. “सौदा ठरला, पैसे घेतले. पुस्तक ग्रेच्या डोक्यातून निघालं. आणि पहिल्या पानावर छापलंय ना, चित्रं कार्टरची, विच्छेदन दोघांनी मिळून?”

“लहान टाइपात!”

यावर बापूकाका बोलले. त्यांची हयात छापखान्यात गेली, त्यामुळं त्यांना पैशापेक्षा ठोकळ्यांत रस. “चित्रं लाकडावर होती ना? मग तो माणूस लाकडावर उलटं काढत असणार. छापल्यावर सुलटं येतं. त्यावर कोरणारा कोरणार. असा ठोकळा खिळ्यांबरोबर, म्हणजे शिशाच्या अक्षरांबरोबर, एकाच फर्म्यात बसतो, मजकूर नि चित्र एका दाबात. तांब्याच्या पत्र्याचं तसं नाही, त्याला वेगळं पान, वेगळा खर्च.”

“आणि नावं चित्रातच,” सरांनी जोड दिली. “आधीच्या बऱ्याच पुस्तकांत अ, ब, क टाकून खाली यादी. पोरांनी सारखं वर-खाली बघायचं. कार्टरनं धमनीचं नाव धमनीच्याच अंगावर लिहिलं. अशी साडेतीनशेच्या वर चित्रं, वयाच्या पंचविशीत.”

“म्हणजे तीही उलटी अक्षरं!” काका खूश. माझ्या मते वाद इथंच निकालात निघायला हवा होता. ते पुस्तक विद्यार्थ्यांनी उचललं ते या सोयीमुळं, आणि ती सोय कार्टरच्या हातची.

पण नितीन ऐकतोय होय! “मग भांडला का नाही?”

“भांडायला होता कुठं तिथं? पुस्तक निघालं तेव्हा तो मुंबईत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रोफेसर, जेजेत सर्जन. ग्रे तर १८६१ ला देवीच्या रोगानं गेला, भाच्याची शुश्रूषा करताना. वय ३४. कार्टर नंतर आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता.”

“आपल्या साताऱ्यात?” सुन्यानं ग्लास खाली ठेवला. “आणि मला आज कळतंय!”

मग सर सुटलेच. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, पाय सुजतो, भोकं पडून पुवाबरोबर काळे दाणे बाहेर येतात. त्याला मदुरा फूट म्हणत. ही बुरशी आहे असं कार्टरनं मांडलं आणि त्याला मायसेटोमा नाव दिलं. यातले काही प्रकार जीवाणूंचे, हे पुढं कळलं. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला तो नॉर्वेपर्यंत जाऊन आला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या रक्तातले नागमोडी जंतू त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते रक्त टोचून माकडांत ताप आणून दाखवला. शेवटी ग्रँटचा प्रिन्सिपॉल झाला. १८८८ ला निवृत्त होऊन मायदेशी गेला, १८९७ ला क्षयानं वारला.

“म्हणजे तीस वर्षं इथं घासली आणि तुम्ही त्या दीडशे पौंडांवर अडकलाय,” नितीन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं मला पटलं.

“दोन्ही खरं असू शकतं ना राव!” सुन्या.

काकांचा मुद्दा मात्र वेगळाच. “आणि ज्यांना फाडलं ते? त्यांची नावं कुठल्या टाइपात?”

सर म्हणाले, ब्रिटनमधल्या १८३२ च्या कायद्यानं, कुणी न्यायला न आलेली प्रेतं विच्छेदनाला देता येत. बहुतेक गरिबांच्या वर्कहाऊसमधली. नावं पुस्तकात नाहीत.

“मग ग्रे-कार्टर दोघंही एकाच माळेचे मणी,” काका म्हणाले, आणि आता नितीन-सुन्या दोघं मिळून काकांवर तुटून पडले. आम्ही दुसरा चहा सांगितला.