एकट्याने खेळायच्या गेमला सर्व्हर कशाला लागतो?

आज पुन्हा तेच. सिंगल-प्लेअर गेम, समोर दुसरा खेळाडू नाही, सगळ्या फाइल्स माझ्याच हार्ड डिस्कवर, आणि ऐन बॉसच्या लढाईत स्क्रीनवर पाटी: ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’. राउटर काही सेकंद अडखळला, एवढंच. ओके दाबलं की थेट मेन मेनू. डोक्यात तिडीक गेली म्हणून लिहितोय.

असा गेम सुरू होताना सर्व्हरकडून टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, घेतो आणि मग ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असा निरोप पाठवत राहतो. उत्तर आलं नाही की खेळ बंद. दहा मिनिटं थांबून बघायची सवलत सहज देता येते, पण ती द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. नेट पूर्ण जावंच लागतं असंही नाही. राउटरने पुन्हा कनेक्शन घेतलं आणि आयपी पत्ता बदलला, की काही गेम जुनं सेशन रद्द करतात. लॅपटॉप स्लीपमधून उठवला तरी तेच. मदरबोर्डवरचा सेल संपून घड्याळ मागे पडलं असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं मुदतीचं डिजिटल ओळखपत्र, अवैध ठरतं, आणि नेट व्यवस्थित चालू असताना गेम म्हणतो नेट नाही. लोक बिचारे राउटरच बदलत बसतात.

आणि हे सगळं कुणासाठी? पायरसी करणाऱ्यांसाठी! क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली आवृत्ती, निघाला की त्यात ही तपासणी उरतच नाही. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’च्या पीसी आवृत्तीला कायम नेटची सक्ती केली. त्याच मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोक बाहेर राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

२०१३ ची ईए कंपनीची ‘सिमसिटी’, शहर वसवायचा गेम, आठवते ना? बरीचशी गणितं सर्व्हरवर होतात म्हणून नेट हवंच, असं सांगितलं गेलं. काही दिवसांत एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या हौशी माणसाने, गेम नेटशिवाय चालवून दाखवला आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीनेच ऑफलाइन मोड दिला. ‘डायब्लो ३’ पीसीवर नेटशिवाय हलत नाही, कन्सोलवर मात्र चालतो. म्हणजे जमत नाही असं नाही, करायचं नाही.

मल्टिप्लेअरला सर्व्हर लागतो, मान्य. सुरुवातीची विक्री जपायची असते, तेही मान्य. मग काही महिन्यांनी पॅच देऊन ही तपासणी काढा की! मघाशी जी पाटी आली ती बऱ्याच जुन्या गेममध्ये आली. आता त्यात कुणाची विक्री वाचवताय?

खरं दुःख पुढेच आहे. ‘द क्रू’ २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्यातल्या रस्त्यांवर एकट्यानेच गाडी फिरवणाऱ्यांचीही गाडी त्या दिवशी थांबली. डिस्क कपाटात आहे, पण तिच्यातून काहीच सुरू होत नाही. कुणी तिथे आपल्या मुलाबरोबर संध्याकाळी भटकत असेल. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपातल्या अर्जाने दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करताना गेम चालू राहील अशी सोय करून जा.

तोवर आपण काय करायचं? स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला तिसऱ्या कंपनीच्या डीआरएमची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) आणि वेगळ्या खात्याची सूचना असते, ती आधी वाचा. गेम घेतल्यावर नेट चालू ठेवून एकदा पूर्ण सुरू करा, अपडेट संपू द्या, सेव्ह करून बाहेर या. मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका, केबल काढा, वायफाय बंद करा, संगणक रीस्टार्ट करून गेम पुन्हा उघडा. वेगळा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा कंपनीचा प्रोग्राम, लॉगिन मागून अडला तर समजा, स्टीमच्या ऑफलाइन मोडचा इथे काही उपयोग नाही. जीओजी या डीआरएमशिवाय गेम विकणाऱ्या दुकानातून घेतला असेल तर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा. मोठ्या गेमला एका एक्झी फाइलसोबत अनेक बिन फाइल्स असतात. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल मध्येच अडकतं.

हे सगळं घेतल्या दिवशीच करा. स्टीमवर परतावा हमखास हवा तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून मागावा लागतो, आणि लाँचरशी झटापट करण्यात गेलेला वेळही त्यातच धरला जातो. परतावा मागताना कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहा: नेटशिवाय चालत नाही.